विश्लेषण : मुक्त कुर्दी शब्दकोश तयार करणे इतके अवघड का? शब्दांइतकीच साठवणही महत्त्वाची कशी?

मराठीत ‘नाव’ म्हणजे व्यक्तीचे नाव आणि ‘नाव’ म्हणजे होडीही. कुर्दी भाषेच्या कुर्मांजी बोलीतही ‘नाव’ हा शब्द आहे. त्याचा एक अर्थ मराठीसारखाच, दुसरा अर्थ ‘आत, मध्ये’. छापील कोशात असे दोन शब्द एकाखाली एक, १ आणि २ असे आकडे घालून छापले की काम भागते. संगणकावरच्या कोशात तेवढ्याने भागत नाही. त्यातच शेजारच्या सोरानी बोलीत हाच शब्द वेगळ्या लिपीत, उजवीकडून डावीकडे लिहिला जातो. हे सारे कुठे आणि कसे साठवायचे, हे पहिली नोंद करण्यापूर्वीच ठरवावे लागते. ते चुकले तर काही हजार नोंदींनंतर काम पुन्हा करावे लागते. किंवा एक दिवस प्रोग्रॅम बंद पडतो आणि जमवलेले शब्दही त्याच्याबरोबर जातात. स्वतःचा देश नसलेल्या भाषेला हे परवडणारे नाही.

कुर्दी ही एक भाषा की अनेक?

कुर्द लोक प्रामुख्याने तुर्कस्तान, इराण, इराक आणि सीरिया या चार देशांत विभागलेले आहेत. त्यांच्या लोकसंख्येचे अंदाज साधारण ३ ते ४.५ कोटींच्या दरम्यान दिले जातात. जर्मनी, स्वीडनसारख्या देशांतही मोठी कुर्दी वस्ती आहे. भाषा इंडो-युरोपीय कुळातल्या इराणी शाखेची, म्हणजे फारसीची नातलग आणि मराठीचीही लांबची बहीण. दिवसाला कुर्दीत ‘रोझ’ म्हणतात. आपल्याकडे फारसीतून आलेला ‘रोज’ त्याच मुळाचा.

कुर्दीच्या मुख्य बोली तीन. तुर्कस्तान, सीरिया, उत्तर इराक आणि कॉकेशसमध्ये कुर्मांजी. इराकमधील सुलेमानिया, एर्बिल आणि इराणमधील सनंदज, महाबाद या भागांत सोरानी. आणि केरमानशाह, इलाम परिसरात दक्षिण कुर्दी. झाझाकी आणि गोरानी यांना कुर्दीच्या बोली म्हणायचे की स्वतंत्र भाषा, यावर अभ्यासकांत आणि खुद्द बोलणाऱ्यांतही मतभेद आहेत. भाषांच्या आंतरराष्ट्रीय संकेतावलीतही याचे प्रतिबिंब दिसते. संपूर्ण कुर्दीसाठी ‘केयूआर’ असा छत्रीसंकेत आहे आणि त्याखाली कुर्मांजीसाठी ‘केएमआर’, सोरानीसाठी ‘सीकेबी’, दक्षिण कुर्दीसाठी ‘एसडीएच’ असे वेगळे संकेत आहेत. झाझाकीचा संकेत या छत्रीबाहेर आहे.

कोशाच्या प्रोग्रॅमसाठी हा वाद निव्वळ शास्त्रीय राहत नाही. प्रत्येक नोंदीवर बोलीचा शिक्का असायला हवा की नको, हा पहिला प्रश्न येथूनच सुरू होतो. तो शिक्का सुरुवातीला घातला नाही, तर पुढे हजारो शब्द कोणत्या बोलीचे हे कोणालाच सांगता येत नाही.

लिपीचा प्रश्न किती गुंतागुंतीचा?

कुर्मांजीसाठी आज सर्वाधिक चालते ती रोमन लिपी जलादत अली बदरखान यांनी रूढ केली. त्यांनी १५ मे १९३२ रोजी दमास्कसमध्ये ‘हावार’ हे नियतकालिक सुरू केले. १५ मे हा दिवस म्हणूनच कुर्दी भाषा दिन म्हणून पाळला जातो. या वर्णमालेत ३१ अक्षरे आहेत. त्यांतील काही अक्षरांवर टोपी, तर काहींच्या खाली शेपूट असते. सोरानी मात्र अरबी-फारसी वळणाच्या लिपीत लिहिली जाते आणि त्यात कुर्दीच्या उच्चारांसाठी खास अक्षरे घातलेली आहेत. उत्तर इराकमधील दुहोक भागात कुर्मांजीही याच लिपीत लिहितात. सोव्हिएत आर्मेनियात कुर्दीसाठी आधी रोमन आणि मग १९४६ पासून सिरिलिक लिपी वापरली गेली. थोडक्यात, एका बोलीच्या तीन लिप्या आणि एका लिपीत दोन बोली, अशी स्थिती आहे.

मग एका लिपीतून दुसरीत आपोआप रूपांतर करणारा नियम लिहिला की झाले, असे वाटू शकते. ते पूर्णपणे शक्य नाही. सोरानी लिपीत ऱ्हस्व ‘इ’ लिहिलाच जात नाही. ‘किर्दिन’ म्हणजे ‘करणे’ हा शब्द ‘क-र-द-न’ असा लिहितात. ‘व’ आणि ‘उ’ या दोन्हींसाठी एकच अक्षर, ‘य’ आणि ‘ई’ यांसाठीही एकच. वाचणाऱ्या कुर्दाला शब्द माहीत असतो, म्हणून तो बरोबर वाचतो. प्रोग्रॅमला ते माहीत नसते. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद साधारणपणे पाळला जात नाही आणि देवनागरीत उतरवताना तो माणसालाच ठरवावा लागतो, तसाच हा प्रकार. त्यामुळे यंत्राने रूपांतरित केलेला शब्द आणि माणसाने तपासलेला शब्द यांतला फरक नोंदीत दिसायलाच हवा.

यापूर्वी कुर्दी कोश झालेच नाहीत का?

झाले, आणि बरेच जुने. कवी अहमद खानी यांनी १६८३ च्या सुमारास मुलांसाठी अरबी-कुर्दी पद्यकोश रचला. इटालियन मिशनरी मॉरिझिओ गार्झोनी यांचे कुर्दी व्याकरण आणि शब्दसंग्रह १७८७ मध्ये रोममध्ये छापले गेले. ऑगस्त झाबा यांचा कुर्दी-फ्रेंच कोश १८७९ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये निघाला. इराणमध्ये कवी हेझार यांचा कुर्दी-फारसी कोश विसाव्या शतकाच्या अखेरीस आला. अमेरिकी अभ्यासक मायकेल चायेट यांचा कुर्मांजी-इंग्रजी कोश २००३ मध्ये प्रसिद्ध झाला.

ही यादी पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. बहुतेक कोश कुर्दी भूमीच्या बाहेर छापले गेले. त्यामागे कारण आहे. तुर्कस्तानात १९८३ च्या २९३२ क्रमांकाच्या कायद्याने कुर्दीत प्रकाशन करण्यावर व्यवहारात बंदीच आणली. तो कायदा १९९१ मध्ये रद्द झाला. रोमन वर्णमालेतील क्यू, डब्ल्यू आणि एक्स ही तीन अक्षरे कुर्दीत आहेत, पण तुर्कीच्या १९२८ च्या वर्णमालेत नाहीत. ती वापरल्याबद्दल तेथे खटले होत. ही अडचण २०१३ मध्ये दूर झाली. दुसरीकडे इराकच्या २००५ च्या राज्यघटनेने अरबीबरोबर कुर्दीला अधिकृत भाषेचा दर्जा दिला. म्हणजे एकाच भाषेच्या वाट्याला सीमेच्या अलीकडे बंदी आणि पलीकडे राजभाषेचा मान आला. त्यामुळे कोशाचे काम एखाद्या सरकारी मंडळाने संपूर्ण भाषेसाठी हाती घ्यावे, अशी परिस्थितीच नव्हती. ते विखुरलेल्या अभ्यासकांनी आणि हौशी मंडळींनी केले. आजचे मुक्त कोशही मुख्यतः तेच करत आहेत.

दिसते एक, साठते दुसरेच... ते कसे?

संगणक अक्षर साठवत नाही, अक्षराचा क्रमांक साठवतो. युनिकोड ही अशा क्रमांकांची जागतिक यादी. तीत अरबी ‘काफ’ला एक क्रमांक आहे आणि फारसी वळणाच्या ‘काफ’ला दुसरा. शब्दाच्या मध्ये आले की दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. ‘ये’चेही तसेच. सोरानीतील ‘ए’सारख्या स्वरासाठी वेगळे अक्षर आहे, पण अरबी कळफलक वापरणारे अनेक जण त्याऐवजी ‘ह’ आणि त्यामागे न दिसणारे विलगक चिन्ह घालतात. परिणामी एकच शब्द तीन-चार प्रकारे साठवला जातो. वाचणाऱ्याला फरक दिसत नाही आणि शोध मात्र ‘शब्द सापडला नाही’ असे सांगतो.

मराठी वाचकाला हे अनोळखी नाही. ‘दुसऱ्या’ हा शब्द काही कळफलक नुक्ता असलेल्या ‘ऱ’ने लिहितात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही एकसारखे, पण फाइलमध्ये शोधले तर एक सापडतो आणि दुसरा निसटतो.

युनिकोडपूर्व काळाची अडचण आणखी मोठी. तेव्हाचे कुर्दी फॉन्ट कुर्दीत न लागणाऱ्या अरबी अक्षरांच्या जागी कुर्दी अक्षरांची चित्रे बसवत. आपल्याकडे ‘शिवाजी’, ‘कृतिदेव’सारख्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी बसवली गेली, तसेच. तो फॉन्ट गेला की मजकूर निरर्थक अक्षरांचा ढीग होतो. अशा फाइलींत अडकलेले शब्दसंग्रह सोडवायचे, तर प्रत्येक फॉन्टसाठी वेगळा तक्ता करून रूपांतर करावे लागते.

यावर उपाय दोन पायऱ्यांचा आहे. पहिली, मूळ मजकूर जसा मिळाला तसाच जपून ठेवायचा. दुसरी, त्याच्या शेजारी एक ‘शोधरूप’ साठवायचे, ज्यात सर्व प्रकारचे ‘काफ’ एक, सर्व प्रकारचे ‘ये’ एक केलेले असतील. वापरणाऱ्याने टाइप केलेला शब्दही त्याच नियमाने बदलायचा आणि मग शोधरूपाशी जुळवायचा. शोध सैल, नोंद काटेकोर, असे हे तत्त्व.

शोध नेमका कसा चालायला हवा?

कुर्मांजीत ‘शीर’ म्हणजे दूध, ‘शेर’ म्हणजे सिंह आणि ‘शूर’ म्हणजे तलवार. हे फरक रोमन लिपीत अक्षरावरील टोपीने दाखवले जातात आणि ‘श’ हा ‘स’खाली शेपूट काढून लिहिला जातो. मोबाइलवर घाईने लिहिणारा माणूस टोप्या आणि शेपट्या गाळतो. मग ‘शीर’ची अक्षरे ‘सिर’ अशी उरतात आणि लसूण या अर्थाच्या ‘सीर’शी त्यांची गल्लत होते. चांगला कोश अशा वेळी दोन्ही शब्द दाखवतो. अचूक जुळणारा आधी, सैल जुळणारे नंतर. त्याने एकच निवडून दुसरा लपवणे योग्य नाही.

तुर्कस्तानातील वापरकर्त्यांसाठी आणखी एक खोच आहे. तुर्कीत टिंब असलेला आणि टिंब नसलेला असे दोन ‘आय’ आहेत. तुर्की भाषेवर ठेवलेल्या संगणकात मोठ्या ‘आय’चे लहान अक्षर टिंबाशिवाय होते. प्रोग्रॅमने अक्षरे लहान-मोठी करण्याचे काम संगणकाच्या भाषेवर सोपवले, तर इस्तंबूलमध्ये शोध फसतो आणि बर्लिनमध्ये चालतो. म्हणून हा नियम प्रोग्रॅममध्येच, कुर्दीसाठी म्हणून पक्का करावा लागतो. अकारविल्हे क्रमाचेही तेच. शेपटीचा ‘सी’ हा साध्या ‘सी’नंतर यायला हवा, पण केवळ युनिकोड क्रमांकांनुसार लावले तर तो ‘झेड’च्याही पुढे जातो.

तिसरा मुद्दा शब्दरूपांचा. मराठीत ‘गेलो’ हा शब्द कोशात ‘जाणे’खाली शोधायचा असतो, हे शिकणाऱ्याला आधी ठाऊक असावे लागते. कुर्मांजीत ‘दीतिन’ म्हणजे पाहणे, पण ‘मी पाहतो’ हे ‘दिबीनिम’ आणि ‘मी पाहत नाही’ हे ‘नाबीनिम’. ‘हातिन’ म्हणजे येणे, पण ‘मी येतो’ हे ‘तेम’. ज्याला ‘तेम’ ऐकू आले, तो ‘हातिन’पर्यंत पोहोचणार कसा? कुर्दी क्रियापदाला वर्तमानकाळाचे आणि भूतकाळाचे अशी दोन मूळरूपे असतात. ती दोन्ही नोंदीत साठवली, तर बाकीची बहुतेक रूपे नियमाने तयार करून शोधात घेता येतात. त्यात सोरानीच्या पोटबोलींचे फरक आहेतच. सुलेमानियाकडे वर्तमानकाळी क्रियापदाच्या सुरुवातीचा ‘द’ गळतो. हे नियम फाइलमध्ये वेगळे ठेवले, तर ते कोशाबरोबरच शुद्धलेखन तपासणीलाही उपयोगी पडतात. हंगेरियन भाषेसाठी सुरू झालेले ‘हनस्पेल’ हे मुक्त साधन याच तत्त्वावर चालते आणि कुर्दीसाठी २०२० मध्ये ‘केएलपीटी’ हे मुक्त साधनही आले आहे.

माहिती साठवण्याची रचना कशी हवी?

नवशिका प्रोग्रॅमर सहसा दोन रकान्यांचा तक्ता करतो. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. येथेच ‘नाव’ आडवे येते. शब्द हीच नोंदीची ओळख मानली, तर दुसरा ‘नाव’ पहिल्यावर लिहिला जातो किंवा दोघांचे अर्थ एकात मिसळतात. म्हणून प्रत्येक नोंदीला एक कायमचा, अर्थहीन क्रमांक द्यावा लागतो. शब्दाचे लेखन उद्या सुधारले तरी क्रमांक बदलत नाही आणि इतर नोंदींनी घेतलेले संदर्भ तुटत नाहीत.

त्यानंतर एका तक्त्याऐवजी काही जोडलेले तक्ते लागतात. एका तक्त्यात नोंद : क्रमांक, बोली, शब्दजाती, लिंग, क्रियापदाची मूळरूपे. दुसऱ्यात लेखनरूपे : कोणत्या लिपीत, माणसाने लिहिलेले की यंत्राने रूपांतरित केलेले. तिसऱ्यात अर्थ, कारण एका शब्दाला अनेक अर्थ असतात. चौथ्यात त्या अर्थांचे इंग्रजी, तुर्की, अरबी, फारसी, जर्मन प्रतिशब्द, प्रत्येकावर भाषेचा संकेत. पाचव्यात उदाहरणे. सहाव्यात नातेसंबंध : कुर्मांजीतील पाण्याचा ‘आव’ आणि सोरानीतील ‘आव’ हे एकमेकांचे जोडीदार आहेत, एक रोमन ‘व्ही’ने संपतो, दुसरा ‘डब्ल्यू’ने. ही जोडी वेगळी साठवल्याने दोन्ही बोलींना आपापली नोंद मिळते आणि एकीला ‘प्रमाण’, दुसरीला ‘अपभ्रंश’ ठरवण्याची वेळ येत नाही.

रिकाम्या जागेचाही अर्थ ठरवावा लागतो. कुर्मांजीत नामाला लिंग आहे आणि ते वाक्यात दिसते. ‘माझे नाव’ हे ‘नावे मिन’, कारण नाव पुल्लिंगी. ‘माझे घर’ हे ‘माला मिन’, कारण ‘माल’ म्हणजे घर स्त्रीलिंगी. सोरानीत दोन्हींना एकच प्रत्यय : ‘नावी मिन’, ‘माली मिन’. म्हणजे सोरानी नोंदीत लिंगाचा रकाना रिकामा असेल, तर त्याचा अर्थ ‘लागू नाही’. कुर्मांजी नोंदीत तोच रिकामा असेल, तर अर्थ ‘अजून भरलेले नाही’. हे दोन रिकामेपण वेगळे साठवले नाहीत, तर किती काम बाकी आहे हे संपादकाला कधीच कळत नाही.

शेवटचा आणि सर्वाधिक दुर्लक्षित रकाना म्हणजे स्रोत. हा शब्द कोणत्या पुस्तकातून, कोणत्या गावातून, कोणी आणि कधी नोंदवला? कुर्दीत अरबी-तुर्की शब्द टाळून नवे शब्द घडवण्याचा आग्रह मोठा आहे. आपल्याकडे भाषाशुद्धीच्या चळवळीतून ‘महापौर’ आला आणि रुळला, पण तसे सगळेच शब्द रुळत नाहीत. नवा घडवलेला शब्द आणि लोकांच्या तोंडी असलेला शब्द यांत कोशाने भेद केला नाही, तर शिकणारा असे कुर्दी बोलू लागतो, जे त्याच्या आजीला कळत नाही.

ही माहिती कोणत्या फाइलमध्ये ठेवायची?

पर्याय साधारण तीन आहेत. पहिला, साधी मजकूर फाइल : एका ओळीत एक नोंद, रकान्यांमध्ये टॅब. ती कोणत्याही संगणकावर उघडते आणि दोन आवृत्त्यांत काय बदलले हे ओळीओळीने दिसते. मात्र अनेक अर्थ, उदाहरणे आणि नाती असलेली नोंद तिच्यात कोंबावी लागते. दुसरा, खुणा घातलेला मजकूर, म्हणजे एक्सएमएल. ग्रंथांच्या संगणकीकरणासाठी १९८७ मध्ये सुरू झालेल्या ‘टीईआय’ या प्रकल्पाने कोशांसाठी खुणांचा स्वतंत्र संच ठरवून दिला आहे. मुक्त द्विभाषिक कोशांचा ‘फ्रीडिक्ट’ हा प्रकल्प तोच वापरतो. तिसरा, ‘एसक्यूलाइट’सारखा डेटाबेस. सगळे तक्ते एकाच फाइलमध्ये, सर्व्हरची गरज नाही, मोबाइलवरही वेगवान शोध. २००० मध्ये आलेले हे सॉफ्टवेअर सार्वजनिक मालकीचे आहे आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते माहिती जपण्याच्या शिफारसप्राप्त प्रकारांत धरले आहे.

यांतील एकच निवडण्याची गरज नाही. मूळ प्रत मजकूर स्वरूपात ठेवायची आणि प्रत्येक आवृत्तीच्या वेळी त्यातून डेटाबेस तयार करून प्रोग्रॅममध्ये घालायचा. ‘स्टारडिक्ट’सारख्या जुन्या मुक्त प्रोग्रॅमांच्या प्रकारातही तीच माहिती काढून देता येते. संपादन नेहमी मूळ प्रतीत. प्रोग्रॅम बदलला, कंपनी बुडाली, मोबाइलची पिढी बदलली, तरी मूळ प्रत वाचता येते. उलट, शब्द थेट प्रोग्रॅमच्या पोटात, त्यालाच कळणाऱ्या स्वरूपात ठेवले, तर प्रोग्रॅमचे आयुष्य हेच शब्दांचे आयुष्य ठरते.

जागेची चिंता मात्र कमी आहे. युनिकोडच्या प्रचलित यूटीएफ-८ पद्धतीत साधे रोमन अक्षर १ बाइट, टोपी-शेपटीचे आणि अरबी अक्षर २ बाइट, तर देवनागरी अक्षर ३ बाइट घेते. समजा, १ लाख नोंदी आणि प्रत्येकी सरासरी ५०० बाइट धरले, तर पूर्ण कोश ५० एमबीत मावतो. उच्चारांचे ध्वनिमुद्रण घातले तर गणित बदलते. प्रत्येकी १० केबी धरले तरी १ लाख उच्चारांना सुमारे १ जीबी लागतो. म्हणून ध्वनी वेगळ्या, ऐच्छिक फाइलींत ठेवणे शहाणपणाचे.

कोणत्या सुविधा आधी, कोणत्या नंतर?

हौशी प्रकल्प बहुतेकदा सुविधांच्या यादीखाली दबून थांबतात. त्यामुळे पहिल्या आवृत्तीत थोडक्याच गोष्टी हव्यात. दोन्ही लिप्यांत आणि टोप्यांशिवाय चालणारा शोध. कुर्दीतून परभाषेत आणि उलट. पडद्यावरच खास अक्षरांची बटणे, कारण प्रत्येकाकडे कुर्दी कळफलक नसतो. उजवीकडून डावीकडचा सोरानी शब्द आणि डावीकडून उजवीकडचा इंग्रजी अर्थ एकाच ओळीत नीट दिसणे; येथे कंस आणि आकडे हमखास जागा बदलतात. ‘ही नोंद चुकीची आहे’ असे कळवण्याची सोय.

आणि इंटरनेटशिवाय चालणे. ही चैन नव्हे. नोव्हेंबर २०१९ मध्ये इराणने जवळपास आठवडाभर देशातील इंटरनेट तोडले होते. इराकमध्ये शालेय परीक्षांच्या काळात पेपरफुटी रोखण्यासाठी इंटरनेट बंद ठेवले जाते. कोशाची गरज नेमकी त्याच वेळी विद्यार्थ्याला असते.

शब्दांचे खेळ, रोजचा शब्द, ध्वनी, वापरकर्त्यांची खाती हे सारे नंतर. खात्यांबाबत तर अधिक विचार हवा. ज्या भाषेतील अक्षरांवरून खटले झाले, त्या भाषेच्या कोशाने कोण काय शोधतो याची नोंद ठेवूच नये. जी माहिती साठवलेलीच नाही, ती कोणी मागूही शकत नाही.

मुक्त म्हणजे केवळ फुकट का नव्हे?

फुकट कोश मालकाने बंद केला की संपतो. मुक्त कोश दुसरा कोणी पुढे चालवू शकतो. त्यासाठी प्रोग्रॅम आणि माहिती यांचे परवाने वेगवेगळे आणि स्पष्ट लिहावे लागतात. प्रोग्रॅमसाठी ‘जीपीएल’सारखा परवाना चालतो. माहितीसाठी श्रेयनिर्देश आणि समान परवान्याची अट असलेला क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना सोयीचा, कारण विक्शनरीवरील मजकूर त्याच परवान्याखाली आहे आणि कुर्मांजीत ‘विकीफेरहेंग’ या नावाने ती चालू आहे. ‘व्यावसायिक वापर नको’ ही अट अनेकांना न्याय्य वाटते. परंतु ती घातली की हा कोश विक्शनरीत जाऊ शकत नाही आणि डेबियनसारख्या मुक्त संगणक प्रणालीच्या मुख्य संग्रहातही बसत नाही.

दुसरी बाजू अशी, की इतरांचे छापील कोश उचलून घालता येत नाहीत. झाबांच्या १८७९ च्या कोशावर आता कोणाचा हक्क उरलेला नाही. एकविसाव्या शतकातील कोशावर तो आहे. स्रोताचा रकाना येथे पुन्हा उपयोगी पडतो. उद्या एखाद्या संग्रहाबद्दल आक्षेप आला, तर फक्त त्या स्रोताच्या नोंदी बाजूला काढता येतात. स्रोतच नोंदवला नसेल, तर संपूर्ण कोश संशयाच्या छायेत येतो.

यंत्र भाषांतर असताना कोश कशाला?

गुगल भाषांतरात कुर्मांजी २०१६ मध्ये, तर सोरानी मे २०२२ मध्ये आली. त्याच २०२२ च्या यादीत कोकणीही होती. वाक्याचा मथितार्थ कळण्यासाठी ही सोय मोठीच. परंतु भाषांतर यंत्र शब्दाचे लिंग सांगत नाही, तो कोणत्या बोलीतला हे सांगत नाही, शब्द खरा वापरातला आहे की जुळवलेला हेही सांगत नाही. चुकले तर चूक कोठून आली हे तपासता येत नाही. कोशातील प्रत्येक नोंदीमागे माणूस आणि स्रोत असतो, तो विचारता येतो. शिवाय यंत्रांना शिकवण्यासाठीही नीट साठवलेला, बोलीचा शिक्का असलेला मजकूर लागतोच. कमी मजकूर असलेल्या भाषेत असा कोश हा त्या कामाचा पाया ठरतो.

मराठी आणि कोकणीसाठी यात काय?

कोकणी देवनागरी, रोमन, कन्नड, मल्याळम आणि अरबी-फारसी अशा पाच लिप्यांत लिहिली गेली आहे. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोकणीला स्थान मिळाले आणि रोमी कोकणीची मागणी आजही कायम आहे. कोकणीचा मुक्त कोश करणाऱ्याला कुर्दीचे सगळे प्रश्न भेटतात : लिपी कोणती मूळ, रूपांतर किती विश्वासार्ह, बोलीचा शिक्का कसा. लेखनरूपांचा तक्ता वेगळा ठेवण्याचे उत्तर तेथेही लागू पडते. राजकीय वाद त्याने मिटत नाही, पण कोशाला त्या वादात एक बाजू घेऊन दुसरीचे शब्द गमावावे लागत नाहीत.

मराठीची स्थिती त्या मानाने सुखाची. मोल्सवर्थ यांचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोश प्रकल्पामुळे इंटरनेटवर शोधता येतात. पानांची नुसती छायाचित्रे न ठेवता नोंदी मजकूर म्हणून साठवल्या गेल्या, म्हणून हे शक्य झाले. पण गावोगावचे बोलींचे संग्रह, व्यवसायांचे शब्द, जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या याद्या अजून कोणाच्या तरी संगणकात पडून आहेत. त्या युनिकोडमध्ये आणणे, प्रत्येक शब्दापुढे गाव आणि सांगणाऱ्याचा उल्लेख करणे, आणि साध्या मजकूर फाइलची एक प्रत दुसऱ्या कोणाकडे ठेवणे, एवढे काम प्रोग्रॅम लिहिता न येणाऱ्यालाही करता येते. कुर्दी कोशकारांनी देशाविना आणि मंडळाविना सुरुवात केली ती साधारण एवढ्याच भांडवलावर.